मैनाला दिलेली सुट्टी

"बायजे, आमची मैना दोन म्हयने पडवीत बसली नाय गो!"

गिरजाबाय ओटीवर येऊन माझ्या कानाशी पुटपुटली, तेव्हा मी शेंगा सोलत होते. गिरजाबाय माझी शेजारीण, मैना तिची सून. लग्नाला सात वर्षं झाली, पोर नाही. आमच्या कासू गावात बाईला विटाळ आला की चार दिवस मागच्या पडवीत बसायचं. त्यामुळे मैनाचा महिना सासूलाच काय, अख्ख्या आळीला पाठ. ती पडवीत दिसली की गिरजाबायचं तोंड वाकडं, आणि आम्ही बाया "या बारीला पण नाय" म्हणून चुकचुकायचो. मी सगळ्यांच्या आधी. खोटं कशाला बोलू?

"मंग दिस गेले असतील," मी म्हटलं.

"कशाचे दिस? ना उलटी, ना डोहाळे. डोक्यावर भारा घेऊन पळते. पेणच्या डॉक्टरीणबायची औषधं बंद, सोमवार बंद. दोघं सारखी शेतावर. कायतरी शिजतंय गो!"

"सख्याला इचार ना."

"इचारलं. काय म्हणाला ठाव हाय? 'आये, तिला मी सुट्टी दिली.'"

माझ्या हातातली शेंग खाली पडली. सखा म्हणजे गिरजाबायचा लेक. रोह्याला कंपनीत शिफ्टवर जातो. कंपनीत सुट्टी दिली म्हणजे काय, ते आमच्या आळीनं पाहिलंय. आळीतल्याच जनूला सुट्टी दिली, तो परत कधी गेटाच्या आत गेला नाही. म्हणजे सख्यानं बायको सोडली!

"मंग ती म्हायेराला कशी जात नाय?" गिरजाबाय म्हणाली.

"सुगी काढून घेतोय तिच्याकडनं. मंग धाडील," मी ठोकून दिलं. असल्या कामात माझं डोकं फार चालतं. वरसे गावचे दाजी माझ्या नात्यातले, त्यांची पुतणी लग्नाची. निरोप मीच धाडला.

रविवारी दाजी कडक टोपी घालून पॅसेंजरनं उतरले. सखा घरी नव्हता, म्हणून आम्ही तिघं बांधाबांधानं शेतावर निघालो. भात कापलेल्या खाचरांत वाल शेंगांनी लगडला होता. ढेकळं पायाला टोचत होती.

लांबूनच धूर दिसला. मडकं उपडं घातलेलं, भोवती जाळ, शेजारी सखा आणि मैना. वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती.

"दोघांचीच पोपटी?" गिरजाबाय जागीच थांबली.

पोपटीला वीस माणसं लागतात, आरडाओरडा लागतो. आणि सोडलेल्या बायकोबरोबर कोण मेला पोपटी लावतो? बायजे, कायतरी चुकलं तुझं, असं मला तिथं पहिल्यांदा वाटलं.

मैना उठली. "या दाजी, बसा." तिनं मडकं बाहेर ओढलं, भांबुर्डीचा पाला काढून गरम शेंगा पत्रावळीवर ओतल्या. दाजींनी चार खाल्ल्या आणि बोलून टाकलं, "सखाराम, आमची पोरगी चोवीसची हाय. तू हिला सुट्टी दिलीस म्हणून कळलं, तवा आलो."

मैना होती तशीच उभी राहिली. सख्यानं कपाळावर हात मारला.

"आये, मी हिला सोडलं नाय गो! पोराच्या नादातनं सुट्टी दिली. कंपनीत मशीनपण वरसातनं एकदा बंद ठेवतात, नायतर जळते. ही तर माणूस हाय."

"मंग पडवीत का बसत नाय ती?" माझ्यानं राहवलं नाही.

"बसले की तुमी मोजता, काकू!" मैनाचा आवाज चढला. "सात वरसं मी पडवीत, आन् ओटीवर तुमची कुजबूज. आये चार दिस माझ्याकडं बघायची नाय. मला माझ्याच अंगाची भीती वाटाय लागली. सुगी सरेपर्यंत औषध नाय, उपास नाय, पोराचं नाव नाय, असं आमी ठरवलं. येवढंपण करू नको? मी नको असेन तर तसं सांगा. आत्ता कपडे बांधते."

गिरजाबायचा जीव भलतीकडेच अडकलेला. "म्हंजे तशीच चुलीकडं जात व्हतीस?"

"व्हय. भाकऱ्या तुमीच खाल्ल्यात."

सखा गिरजाबायला लग्नाच्या नवव्या वर्षी झाला. तोवर त्याच पडवीत तिची सासू तिला काय काय बोलायची, ते मी या कानांनी ऐकलंय. ती मटकन बांधावर बसली, डोळ्याला पदर लावला.

"मंग मी पोरीच्या बापाला काय सांगू?" दाजी चिडले.

"सांगा, घरात सून हाय," गिरजाबाय म्हणाली.

दाजी टोपी झटकून उठले. जाताना शेंगा मात्र रुमालात बांधून नेल्या. मग आम्ही चौघं खायला बसलो.

आणि माझी मेली नजर! मैनाच्या पोटावर गेलीच. औषधाविना पण दिस जातात, कोणी सांगावं?

मैनानं पकडलं. "काकू, ते वालाचं हाय. अर्धी पोपटी मीच खाल्ली," ती म्हणाली आणि खो खो हसली. पोटाचा विषय निघाला आणि ती हसली, असं सात वर्षांत झालं नव्हतं. मी नजर काढून मडक्याकडे नेली. जड गेलं, पण नेली.