भिंगरीचा अंगठा

माझ्या नातीचा उजवा अंगठा एकेकाळी आमच्या घरातला सगळ्यात कामसू माणूस होता. बाकीची पोरगी सोफ्यावर आडवी पडलेली असायची, पण अंगठा सदा कामावर. खालून वर, खालून वर. फोनवर कुणी नाचतंय, कुणी मांजराला आंघोळ घालतंय, कुणी रडतंय; त्यातल्या एकाचंही पुढं काय झालं ते तिला कधी कळलं नाही, कारण तोवर अंगठ्यानं त्याला वर पाठवलेलं असायचं.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून. मोठी झाल्यावर टिकायला लागली, पण चार्जरची वायर पोहोचेल तेवढ्याच अंतरात.

मी खोटं सांगत नाही. ज्यांची माझी ओळख आहे त्यांनी हे वाक्य सोडून पुढं वाचावं. एकदा ती खिडकीत उभी होती. समोरच्या फुटपाथवर एक म्हातारा नुसताच खोकत बसलेला. हिनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि अंगठा काचेवर खालून वर फिरवला. म्हातारा काही हलला नाही. हिला नवल वाटलं. मला त्याहून जास्त वाटलं, कारण माझ्या डोळ्यांदेखत तो म्हातारा दोन बोटं वर सरकला होता.

तर अशी ही भिंगरी क्रेन चालवायला शिकत होती. शिकत होती म्हणजे हट्टानं. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, बांधकामावर क्रेनखाली उभा राहून हातानं खुणा करतो. वर घे, खाली घे, थांब. दुधाचे दात पडायच्या आधीपासून ही त्याला म्हणायची, बाबा, तुम्ही खालून सांगा, मी वरून उचलते. पुढं क्रेन शिकवणाऱ्या यार्डात नाव घातलं आणि तिथल्या वस्तादांनी तिची नजर पाहून सांगितलं की पोरगी जन्मजात आहे. वस्ताद म्हणजे पिंपाएवढा माणूस आणि आवाज शिट्टीएवढा. त्यांनी आजवर कुणाचं कौतुक केल्याचं ऐकिवात नव्हतं.

पण परवाना मिळायला परीक्षा असते. बादली काठोकाठ भरून क्रेनच्या हुकाला लावायची, खांबांच्या मधून वळणं घेत न्यायची आणि पलीकडच्या पिंपावर ठेवायची. बादलीत आतून लाल रेघ असते. पाणी रेघेखाली गेलं की नापास.

पहिल्या वेळेला भिंगरीनं सगळे खांब लोण्यातून सुरी काढावी तसे पार केले. पिंपाच्या वर आली. आता या कामातली मेख अशी, की निम्मं काम म्हणजे उचलणं आणि निम्मं काम म्हणजे थांबणं. बादली झुलत असते. ती शांत होईपर्यंत वर केबिनमध्ये क्रेनची दांडी धरून नुसतं बसायचं. काहीही करायचं नाही. आणि दांडीच्या माथ्यावर, नेमकं अंगठ्याखाली, एक सरकतं बटण असतं. ते वर ढकललं की क्रेनचा हात दुर्बिणीसारखा लांब होतो.

भिंगरी थांबली. अंगठ्याला मात्र थांबवेना. समोर तेच ते पिंप, तीच ती बादली, नवीन काहीच येईना. गेला तो खालून वर.

क्रेनचा हात पुढं झेपावला, बादलीनं कोलांटी मारली आणि सगळं पाणी खाली उभ्या असलेल्या परीक्षकबाईंच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर. मी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभी राहून पाहिलं. बाई तिथून ऑफिसपर्यंत चालत गेल्या नाहीत, पोहत गेल्या.

वस्तादांनी शिट्टीच्या आवाजात एवढंच सांगितलं की आणखी एक संधी मिळते. तीही गेली तर यार्डातली जागा दुसऱ्याला, आणि ही पुन्हा सोफ्यावर.

घरी येऊन भिंगरी बाथरूममध्ये कोंडून घेऊन रडली. बाहेर आली तेव्हा डोळे टोमॅटोसारखे. माझी सून नर्स आहे, तिचा सगळ्याच दुखण्यांवर कडक उपाय. तिनं फोन काढून घेतला आणि धान्याच्या डब्यात तळाशी ठेवला. उपयोग शून्य. फोन डब्यात आणि अंगठा टेबलावर, खालून वर. मग सुनेनं अंगठ्याला पट्टी बांधली, तर डावा अंगठा सुरू झाला. लेकानं सुचवलं की बटणावर खिळाच ठोकू. वस्ताद म्हणाले, खिळा ठोकलात तर क्रेन माझी आणि डोकं तुमचं.

भिंगरी एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. हात मांडीखाली दाबून.

"आजी, मला वर बसायचंय गं," ती म्हणाली. "मला दुसरं काहीच नकोय. पण रिकामं बसलं की माझ्या आत कुणीतरी पुढचं दाखव, पुढचं दाखव म्हणून ओरडतं. मी काय करू?"

आता हे ओरडणं माझ्या ओळखीचं होतं. मी उभी हयात मोज्यांच्या कारखान्यात काढली. तिथं बायकांना झोप लागू नये म्हणून यंत्रावर गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे होतं. पगारात नव्हतं, पण होतं. जेवणाची घंटा व्हायच्या बरोबर आधी गोष्ट अशा जागी सोडायची की बाया डबा खाताना हात थांबवून माझ्याकडे बघतील. तेव्हा त्या फोनवाल्यांनी काही नवीन शोधलंय असं मला वाटत नाही. फरक इतकाच की मी संध्याकाळपर्यंत गोष्ट पुरी करायचे.

दुसऱ्या दिवशी मी लेकाला कामाला लावलं. बाल्कनीत कपडे वाळवायची कप्पी होती, तिला पाण्यानं भरलेली छोटी बादली टांगली. खुर्चीच्या हातात लाटणं उभं खोचलं. लाटण्याच्या टोकावर शर्टाची एक गुंडी ठेवली आणि त्यावर भिंगरीचा अंगठा. मी बादलीला झोका द्यायचा, आणि ती शांत होईपर्यंत भिंगरीनं गुंडी पडू द्यायची नाही.

"आणि तोवर मी काय करू?"

"तोवर माझं ऐक," मी म्हटलं आणि सुरू केलं. आमच्या कारखान्यात एकदा एक मोजा विणायला घेतला आणि यंत्र बंदच होईना. मोजा टेबलावरून खाली, दारातून बाहेर, रस्ता ओलांडून पलीकडे. चौकातल्या पोलिसानं अडवायला पाय पुढं केला, तर पाय मोज्यात. पोलीस निघाला मोज्याबरोबर. पुढं नगराध्यक्षांचं घर होतं आणि नगराध्यक्ष अंघोळ करत होते...

टक. गुंडी खाली.

"एक होता दंतवैद्य," मी म्हटलं. "त्याच्याकडे एकदा मगर आली."

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. "नगराध्यक्षांचं काय झालं?"

"ते गेले वर."

"वर म्हणजे?"

"तूच सरकवलंस ना? आता मगर."

तिनं तोंड वाकडं करून गुंडी पुन्हा ठेवली. मगर आपल्या दाढेत काहीतरी वाजतंय म्हणाली. दंतवैद्यानं आत डोकं घातलं तर तिथं एक पियानो आणि पियानोवर बसलेली एक बाई, ती त्याची हरवलेली... टक.

"एका बोकडानं गजराचं घड्याळ गिळलं," मी म्हटलं.

"आजी, हे बरोबर नाही हं."

"का? छान आहे की बोकड."

"ती बाई कोण होती? त्याची बायको?"

मी खांदे उडवले. दुपार संपेपर्यंत तिच्याकडे अर्धा मोजा, अर्धी मगर, पाऊण बोकड आणि एका विधवा राणीची नुसती शिंक एवढा माल गोळा झाला. रात्री जेवताना ती घुश्शात होती. सुनेनं विचारलं, काय झालं गं, तर म्हणाली की आजीनं माझं डोकं भंगाराचं दुकान करून टाकलंय, कशाला बूड नाही, कशाला शेंडा नाही. मग घास तिच्या हातातच राहिला. तिनं फोन ठेवलेल्या धान्याच्या डब्याकडे पाहिलं. मीही मुद्दाम ताटात पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी म्हणायच्या आधी तीच खुर्चीत जाऊन बसली. गुंडी ठेवली, अंगठा ठेवला आणि म्हणाली, मोजा. पहिल्यापासून.

मोज्यानं नगराध्यक्षांना टबासकट उचललं. डोंगर चढला, समुद्रात उतरला, देवमाशानं वास घेऊन सोडून दिला. भिंगरीचा अंगठा पांढरा पडला होता, पण गुंडी जागेवर. शेवटी मोजा अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून कारखान्याच्या मागच्या दारानं आत आला आणि मी पुढं होऊन दोन्ही टोकांची गाठ मारली. म्हणून तर पृथ्वीला अजून सर्दी झालेली नाही.

भिंगरी एवढी हसली की खुर्ची मागं गेली. गुंडीही पडली, पण गोष्ट संपल्यावर पडली.

इथवर सोपं होतं. अवघड पुढं. परीक्षेच्या वेळी केबिनमध्ये आजी नसते. तेव्हा मी गोष्टीत खोकायला लागले. मगरीच्या तोंडातली बाई वळली, आणि मी चष्मा पुसायला घेतला. पुसला, डोळ्यांवर चढवला, उतरवला, पुन्हा पुसला. भिंगरी दात आवळून बसलेली. मग मी चहा ठेवायला उठायला लागले. मग चहा पिऊन यायला लागले. एकदा मी शेजारणीकडे जाऊन तिच्या सुनेचं सगळं वाईट ऐकून आले, आणि परत आले तर भिंगरी तशीच, अंगठ्याखाली गुंडी, नजर बादलीवर.

मी बसले आणि म्हटलं, तर तो बोकड...

"थांब आजी," ती हळू म्हणाली. "बोलू नकोस. पाणी निवळतंय."

मी गप्प बसले. मला असं गप्प बसवणारं माणूस आमच्या खानदानात तोवर जन्मलं नव्हतं. बादलीतलं पाणी काठापाशी थरथरत होतं, थरथरत होतं, आणि मग त्यात वरच्या दोरीवरची सुनेची हिरवी ओढणी स्वच्छ दिसायला लागली. आम्ही दोघी ती ओढणी पाहत बसलो. मला वाटलं होतं की नुसतं बसायचा पोरीला कंटाळा येईल. कंटाळा मलाच आला.

परीक्षेच्या दिवशी वारा होता. लेकानं रजा काढलेली, सून ड्यूटीवर. यार्डाच्या फाटकाशी एक क्रेट ठेवला होता, सगळ्या परीक्षार्थींनी आपले फोन त्यात टाकायचे; भिंगरीनंही धान्याच्या डब्यातून सुटून आलेला आपला टाकला. परीक्षकबाई त्याच होत्या. या वेळी रेनकोट घालून आल्या होत्या.

भिंगरीच्या आधी एक रुंद खांद्याचा तरुण गडी वर चढला. खांब छान काढले. पिंपावर येऊन थांबला आणि नेमका क्रेट वाजला. एक वाजला की दुसरा, दुसरा की तिसरा, सगळा क्रेट रातकिड्यांनी भरल्यासारखा किर्र करायला लागला. त्या गड्यानं मान वळवली. नुसती मान. पण मानेबरोबर हात आला, आणि पाणी मातीत गेलं. तो खाली उतरला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचे डोळे मला माहीत होते.

भिंगरी चढली. लेकाचा हात माझ्या मनगटावर असा आवळलेला की बांगड्या असत्या तर फुटल्या असत्या. बादली उचलली. पहिला खांब, दुसरा, वळण. वाऱ्यानं बादलीला कडेनं ढकललं. भिंगरी थांबली. पुन्हा निघाली. पिंपाच्या वर आली आणि बादली मोठ्या झोक्यानं डावी-उजवी झुलायला लागली.

क्रेट पुन्हा किर्र.

केबिनची काच मोठी असते. मला खालून तिचा हात दिसत होता. मी अंगठ्याकडे पाहत होते आणि अंगठा तिथं असल्यासारखाच वाटेना, इतका तो गप्प. लेक पुटपुटला की आता सोड, आता ठेव. ती ठेवत नव्हती. वस्तादांनी टोपी काढली, पुन्हा घातली. परीक्षकबाईंनी रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली. झोका लहान झाला, आणखी लहान झाला. भिंगरी अजूनही थांबलेलीच. दोरीपाशी उभी माणसं चुळबुळ करायला लागली. ती नाही.

आणि तेवढ्यात एक चिमणी आली, बादलीच्या काठावर बसली, मान वाकवून पाणी प्यायली आणि उडून गेली. ही एक गोष्ट मी जशी घडली तशीच सांगतेय. बादली इतकी स्थिर होती.

मग भिंगरीनं ती पिंपावर ठेवली. आवाजही झाला नाही.

परीक्षकबाई गेल्या, वाकून आत पाहिलं. लाल रेघ पाण्याच्या कितीतरी खाली होती. बाईंनी सगळ्यांसमोर रेनकोट काढला आणि खांबावर अडकवला. वस्तादांना काहीतरी बोलायचं होतं, पण शिट्टी वाजेना. त्यांनी नुसताच भिंगरीच्या बापाच्या पाठीत असा दणका दिला की तो दोन पावलं पुढं गेला.

भिंगरी शिडी उतरून आली. चेहरा यार्डातले सगळे दिवे लावल्यासारखा. बापाला मिठी मारली, मला उचललं, खरोखर जमिनीवरून उचललं, आणि मी तिला म्हटलं की मेले, परवाना लोखंड उचलायचा मिळालाय. तिचा फोन अजून वाजत होता. तिनं तो क्रेटमधून काढला, वाजणारं सगळं बंद केलं आणि आईला फोन लावला.

"आई, तू बसलीयेस का? उभी? मग बस. नाही, निकाल शेवटी. पहिल्यापासून सांगते."

आणि ती मातीच्या ढिगावर बसून सांगायला लागली. वारा कसा होता, तो गडी कसा उतरला, झोका केवढा होता. ऐन झोक्यात गप्प बसली. पलीकडून माझी सून, जी कुणाचं ऐकून घेत नाही, ती पुढं काय झालं, पुढं काय झालं म्हणून ओरडत होती. आम्हाला इथवर ऐकू येत होतं. भिंगरी गालात हसत, अंगठा मांडीवर निवांत टाकून, तिला ताटकळत ठेवत होती.

मग म्हणाली, "आणि आई, तेवढ्यात तीन चिमण्या आल्या."

लेकानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.