रकान्यातले अठरा श्वास

आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात प्रत्येक बाई मिनिटाला अठरा श्वास घेते. जाडी असो, बारीक असो, रडत असो की घोरत असो, तक्त्यावर अठराच. ताप आणि रक्तदाब यंत्र सांगतं. श्वास मात्र छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजावे लागतात, आणि ते मिनिट कुणाकडेच नसतं. यावरून मी नव्या नर्स मुलींना कितीदा फैलावर घेतलंय.

तिसऱ्या खाटेवरची शिवणकाम करणारी पोरगी बाळंत होऊन दोन दिवस झाले होते. दुपारी बाराला गेले, तर मांडीवर लेक घेऊन ती सासूला विचारत होती, "आई, बाळ कधी होणार?" सासू हसली. जागरणाने डोकं फिरलंय हिचं, म्हणाली. मला हसू आलं नाही. स्टूल ओढलं, घड्याळ समोर धरलं आणि मोजलं. तीस. वरचा रक्तदाब अठ्ठ्याऐंशी.

खाटेजवळच गुण द्यायची आमची सोपी रीत आहे. श्वास पंचविसाला पोचले, एक गुण. वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली, एक. बोलण्यात गोंधळ, एक. दोन झाले की जंतुसंसर्ग जिवावर उठलाय असं धरून धावायचं. हिचे तीन होते.

डॉक्टरांना फोन केला. ताप नाही ना, मग थकवा असेल, म्हणाले. ताप नसतानाही बायका जातात, हे मी यांना शिकवायचं का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिसऱ्या फोनला ते कपाळाला आठ्या घालून आले, स्वतः श्वास मोजले आणि मग तक्ता उघडला.

"आठला अठरा, बाराला तीस? इतकं अचानक म्हणजे फुप्फुसात गुठळी असणार. आधी स्कॅन करू, अँटिबायोटिकचं नंतर बघू."

स्कॅन दुसऱ्या इमारतीत होतं. जाऊन येऊन दोन तास, आणि तेवढे तिच्याकडे होते असं मला वाटत नव्हतं. आठ वाजताचा आकडा माझ्या अक्षरात होता. सासू शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. मला स्वतःचीच चीड आली.

"सर, ते अठरा मी मोजलेले नाहीत," मी म्हणाले. "नुसते लिहिलेत."

"मग खरे मोजलेले कधीचे?"

मी पानं मागे उलटत गेले. रात्रीचे अठरा, कालचे अठरा, सगळे एका साच्यातले.

"परवाचे. बाळ व्हायच्या आधीचे."

"मग हे अचानक झालंय असं म्हणता येत नाही," म्हणत त्यांनी तक्ता मिटला. रक्त तपासायला काढलं आणि अँटिबायोटिक तिथेच सुरू करायला सांगितलं. मी सुई शिरेत घालत असताना सासू जवळ आली. आता ती हसत नव्हती.

"सिस्टर, हे हिला कधीपासून होत होतं?"

"माहीत नाही, मावशी," मी म्हणाले.