पाठीवरचा तांबडा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना सेल आहे. दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहितात आणि माणसं ज्याच्यासाठी धावत सुटतात, तो सेल नव्हे हं! मी आपला साधा पेन्सिल सेल, तुमच्या बोटाएवढा. फक्त मी संपलो की मला फेकायचं नाही. चार्जरमध्ये बसवायचं, की काही तासांत मी पुन्हा ताजातवाना. माझ्या बडबडीचंही तसंच आहे. संपली असं वाटतं आणि परत सुरू होते. तेव्हा जरा ऐसपैस बसा.

माझा जन्म कारखान्यात झाला. पातळ पट्ट्यांची घट्ट गुंडाळी केली, ती डबीत कोंबली, वरून झाकण दाबलं, की झालो मी! मग मला भरलं, रिकामं केलं, पुन्हा भरलं. इतकी परीक्षा, की विचारू नका. शेजारचे काही जण तिथेच नापास झाले. आम्ही चौघं पास झालो आणि एकाच पाकिटात बसून दुकानात आलो. तिथे खालच्या फळीवर एकदाच वापरून फेकायचे सेल होते. चकचकीत, स्वस्त, आणि सगळं गिऱ्हाईक त्यांच्याकडेच. ते आम्हाला चिडवायचे, "एवढा भाव खाता, तुम्हाला घेणार कोण?" खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

आम्हाला घेतलं ते फोटोवाल्या मावशीनं. सगळी आळी तिला मावशी म्हणते, म्हणून मीही. घरी नेल्या नेल्या तिनं नेलपॉलिशची बाटली काढली आणि आमच्या पाठीवर एकेक तांबडा ठिपका दिला.

"आता तुम्ही माझे तांबडे," ती म्हणाली. "चौघांनी एकत्र कामाला जायचं, एकत्र चार्ज व्हायचं. एकानं दमून बसायचं आणि तिघांनी ओढायचं, असलं चालायचं नाही."

नेलपॉलिश लावून कामावर जाणारा सेल पाहिलाय कधी? आम्ही जायचो, आणि जरा तोऱ्यातच जायचो!

काम होतं कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये. खटका दाबला की लख्ख उजेड, आणि पुढच्या उजेडाला लगेच तयार. फेकायचे सेलही पहिला उजेड झोकात पाडतात. पण नंतर फ्लॅश 'कुंईऽऽ' करत बसतो आणि नवरा-नवरीचे हसून हसून गाल दुखायला लागतात. आमच्याकडे ती भानगड नाही. लग्नं झाली, वाढदिवस झाले, शाळांच्या शर्यती झाल्या. किती वेळा रिकामा झालो आणि किती वेळा भरलो, ते मलाच आठवत नाही. "तांबडे बरोबर असले की मला घोर नाही," असं मावशी चारचौघांत सांगायची आणि माझी छाती फुगायची.

आता आजीबद्दल सांगतो. आजी म्हणजे मावशीची आई, मावशीकडेच राहायची. बोलायला फटकळ, मनानं लोणी. तिला फ्लॅशची भारी धास्ती. कॅमेरा समोर आला की ती डोळे गच्च मिटायची. पापण्यांवर उजेड पडला की डोळे उघडून विचारायची, "झालं का गं?" आणि झालेलंच असायचं! घरात ढीगभर फोटो, पण प्रत्येकात आजी झोपलेली. चोरून काढायला जावं, तर तिला आधीच चाहूल लागायची. आख्ख्या गावाचे फोटो काढणाऱ्या मावशीकडे स्वतःच्या आईचा एक धड फोटो नव्हता. मनाला ते फार लागून राहिलं होतं तिच्या.

आणि एक दिवस आजीला न्यायला तिचा थोरला मुलगा, म्हणजे मावशीचा दादा, परदेशातून आला. आजी आता त्याच्याकडे राहणार होती. उद्याचं विमान होतं. आज फोटो नाही निघाला तर कधीच नाही, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं आम्हाला काठोकाठ चार्ज करून टेबलावर ठेवलं आणि ती आजीचं सामान आवरायला आत गेली.

तेवढ्यात आले काका! काका म्हणजे मावशीचे यजमान. कपड्यांच्या कारखान्यात माल तपासतात. तिथे रीत अशी, की शिवण चुकलेल्या सदऱ्यावर तांबडी टिकली लावायची. तांबडी टिकली म्हणजे माल बाद. काकांच्या नजरेला वर्षानुवर्षांची तीच सवय. त्यांनी आमचे ठिपके पाहिले आणि निकाल देऊन टाकला.

"बाद झालेले दिसतायत. हिला बिचारीला टाकायलाही सवड नाही!"

झालं! आम्ही चौघं कचऱ्याच्या पिशवीत, बटाट्याच्या सालींवर. वर काका हौसेनं कोपऱ्यावरच्या दुकानातून कोरे सेल घेऊन आले आणि ते फ्लॅशमध्ये बसवून मोकळे झाले. मनात काही वाईट नव्हतं हो त्यांच्या. बायकोला मदत करायला गेले! पण माझा जीव तिळतिळ तुटत होता. संपलो असतो तर गोष्ट वेगळी. अंगात एवढी ताकद, आणि वरून ओली चहापूड पडतेय.

पिशवी दाराशीच होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. आभाळ भरून आलं होतं, खोलीत अंधारलं होतं. मावशीनं मनाशी डाव रचला होता. पहिला उजेड फसवा. तो पडला की आजी डोळे उघडणार, आणि त्याच क्षणी दुसरा!

खटक. उजेड पडला.

"झालं का गं?" आजीनं डोळे उघडले. मावशीनं पुन्हा खटका दाबला, पण फ्लॅश नुसता 'कुंईऽऽ' करत राहिला. फोटो काळाकुट्ट. फ्लॅश तयार होईपर्यंत आजीचे डोळे परत मिटलेले. पुन्हा तेच, पुन्हा तेच.

"अगं, पुरे आता," दादा कंटाळून म्हणाला. "बॅगा भरायच्यात. मी तोवर कचरा देऊन येतो, खाली गाडी आलीय."

आणि आमची पिशवी उचलली गेली! वर पुढे काय झालं, ते मला मागाहून कळलं.

"माझ्या डोळ्यांत एवढं काय बघायचंय तुला?" आजी करवादली.

"उद्यापासून मला ते रोज दिसणार नाहीत, आई," मावशी म्हणाली. तिनं चिडून फ्लॅशचं झाकण उघडलं. "अहो, हे कुठले सेल? माझे तांबडे कुठे आहेत?"

"ते बाद झालेले ना? टाकले मी."

"बाद? अहो, ती माझी नेलपॉलिश आहे!"

मग काय विचारता! मावशी खिडकीतून ओरडली, "दादा, थांब! टाकू नकोस!" काका अनवाणीच जिना उतरले. दादा पिशवी गाडीवाल्या बाईंच्या हातात देतच होता. काकांनी ती हिसकावली आणि भर रस्त्यात कोपरापर्यंत हात घातला. तिघं पटकन सापडले. मी तळाशी चहापुडीत. काकांच्या बोटांनी मला चिमटीत धरलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मावशीनं आम्हाला पदरानं पुसून कोरडं केलं आणि आत बसवलं.

खटक! "झालं का गं?" खटक!

झालं! दोन्ही उजेड पाठोपाठ, मध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नाही. सगळे कॅमेऱ्यावर वाकले. फोटोत आजीचं तोंड अर्धवट उघडं होतं, आणि डोळे टक्क उघडे, मोठे, हसरे. आजी कितीतरी वेळ बघत राहिली.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली, "हे तर माझ्या आईचे डोळे! मला वाटलं होतं, ती गेली तेव्हा तेही गेले."

"आरशात नाही का दिसले कधी?" काकांनी विचारलं.

"आरशात बाई केस विंचरते, जावईबापू. डोळे कशाला बघतेय!"

मावशी रडत होती आणि हसतही होती. आम्ही चौघं आत ऊबदार झालो होतो आणि आनंदानं नुसते वेडे झालो होतो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तो फोटो घेऊन आजी गेली. फोनवर ती अजून सगळ्यांना विचारते, "माझे डोळे पाहिलेत का?" फ्लॅशचं दमाचं काम आता मला झेपत नाही, म्हणून मावशीनं मला भिंतीवरच्या घड्याळात बसवलंय. हळूहळू चालायचं काम, मजेत चाललंय. कधीतरी मी खरोखरच संपेन. तेव्हा मला सालींबरोबर टाकू नका, जुने सेल गोळा करणाऱ्या दुकानात द्या. माझ्यातल्या धातूचं पुन्हा काहीतरी होईल.

पण त्याआधी, मित्रांनो, एवढं करा. कुठलीही वस्तू टाकायला उचललीत की घरात एकदा मोठ्यानं विचारा, "हे कुणाला हवंय का?" मग आतून कुणीतरी लगबगीनं धावत येईल, ओले हात पुसत ओरडेल, "थांब, टाकू नकोस!" आम्हा जुन्या वस्तूंना जगात याहून गोड काही ऐकायला मिळत नाही.