शेवटचा बिल्ला उतरेपर्यंत

मी एक जुने लोखंडी फाटक आहे. मित्रांनो, जुने म्हटल्याबरोबर तुम्ही चेहरे पाडून बसला असाल. आता हे कण्हणार, गंज दाखवणार आणि थेंबभर तेल मागणार, असे तुम्हाला वाटले असेल. तसले काही होणार नाही. मी कुरकुरते, पण ती माझी जन्मजात सवय आहे. रडगाणे गायला मला वेळ नाही, कारण मी आत्ता कामावर आहे.

मी एका टेकडीच्या पायथ्याशी उभे आहे. माझ्या एका बाजूला कच्चा रस्ता आणि सपाट मैदान, दुसऱ्या बाजूला थेट माथ्यापर्यंत चढत गेलेले कुरण. त्या माथ्यावरून माणसे उडतात. हसू नका, खरेच उडतात. नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेले कापडी पंख खांद्यावर घेतात, उताराच्या दिशेने पळत सुटतात आणि पाय जमिनीवरून सुटले की पट्ट्यांत आडवी लटकून तरंगू लागतात. त्या पंखांना हँगग्लायडर म्हणतात. त्याला ना इंजिन, ना चाके. वारा टेकडीला धडकून वर चढतो आणि त्याच्याबरोबर ही मंडळी चढतात. मग मैदानात उतरतात आणि पुन्हा माझ्यातून वर जातात. दुसरी वाट नाही.

टेकडी काकूंची आहे. त्या कोणाच्या सख्ख्या काकू नाहीत, पण सगळे त्यांना काकूच म्हणतात. त्यांच्या मेंढ्या या कुरणात चरतात. क्लबची माणसे पहिल्यांदा परवानगी मागायला गेली, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "उडा की! पडलात तर बोंबलू नका, मेंढ्या बिचकतात. आणि फाटक लावून घ्यायचं. एवढंच."

गंमत अशी, की तेव्हा तिथे फाटकच नव्हते. नुसते तारेचे कुंपण आणि येण्याजाण्याच्या जागी आडवी टाकलेली काटेरी फांदी. पण काकूंचा शब्द म्हणजे शब्द. क्लबात एक वेल्डर होते. त्यांनी पाण्याचे जुने पाइप कापून मला घडवले. गडबडीत एक बिजागरी थोडी तिरपी बसली. त्यामुळे मला नुसते ढकलून चालत नाही. खालच्या दांड्याखाली गुडघा घालून जरा उचलावे लागते, तेव्हा कुठे मी हलते. नवखा माणूस माझ्याशी झटापट करून घामाघूम होतो. मला ते आवडते.

वेल्डरदादांनी माझ्या वरच्या दांड्यावर वाकवलेल्या सळीचे आकडे ओळीने जोडले. क्लबातल्या प्रत्येकाकडे स्वतःचे नाव कोरलेला एक पितळी बिल्ला आहे. वर जाताना तो माझ्या आकड्याला अडकवायचा, खाली आल्यावर काढून घ्यायचा. एकही बिल्ला लटकत असला, तर कोणीही घरी जायचे नाही, हा क्लबचा नियम.

या क्लबच्या प्रमुख टेलरबाई. त्यांचे पडदे आणि गणवेश शिवायचे दुकान आहे. एकदा कोणीतरी फाटलेला पंख शिवायला दिला. आपली शिवण वाऱ्यात टिकते का, ते बघायला बाई टेकडीवर आल्या आणि इथल्याच झाल्या. दर शनिवारी त्या खालच्या छोट्या उतारावर नव्या लोकांना शिकवतात. नवे लोक धावतात, धडपडतात, तोंडात गवत जाते, पुन्हा उठतात. बाईंचा आवाज माझ्यापर्यंत येतो, "अगं पळ! पंखाकडे काय बघतेस? समोर बघ!" लोक लांबून पंखांचे फोटो काढायला येतात. माझा फोटो कोणी काढत नाही. न का काढेनात! एकही पंख माझ्यावाचून वर गेलेला नाही.

आता मित्रांनो, जे घडले ते सांगते.

क्लबात एक दंतवैद्य आहेत. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. माणूस सोन्यासारखा, पण विसराळू असा, की विचारू नका. एका रविवारी वाऱ्याने त्यांना टेकडीच्या पलीकडे नेले. ते मोठ्या रस्त्याजवळच्या शेतात अगदी सुखरूप उतरले. एका टेंपोवाल्याने त्यांना पंखासकट घरी सोडले. डॉक्टर जेवले आणि गाढ झोपले. त्यांचा बिल्ला मात्र माझ्या अंगावर लटकत होता. त्यांचा फोन? तो खाली मैदानात त्यांच्याच पिशवीत वाजत होता.

दिवस मावळायला आला. एकच बिल्ला उरलेला पाहून सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. डॉक्टर कुठे तरी झाडाझुडपात जखमी पडले असणार, असे समजून सगळे टेकडीकडे धावले. धावता धावता मला सताड उघडले आणि मागे वळून कोणी पाहिले नाही. टेलरबाईंनीही नाही. मी वाऱ्यावर कुरकुरले, खांबावर आपटले. कोण ऐकतो? मेंढ्या माझ्यातून निघाल्या आणि रस्त्यावर गेल्या. एक ट्रक भरधाव आला. दोन मेंढ्या मेल्या. त्यातली एक काकूंनी बाटलीने दूध पाजून वाढवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आला. हा काकूंचा धाकटा मुलगा. डोक्यावरचे केस गेले तरी धाकटाच. काकूंचे गुडघे दुखू लागल्यापासून मेंढ्यांचे सगळे तोच बघतो. त्याच्या हातात साखळी आणि कुलूप होते. डॉक्टर घरी सुखरूप असल्याचे रात्रीच कळले होते. टेलरबाई माफी मागायला आधीच येऊन थांबल्या होत्या.

"तुमचं माणूस हरवलं म्हणून तुम्ही जिवाच्या आकांताने धावलात," तो म्हणाला. "बरोबर केलंत. पण माझ्या मुक्या जनावरांच्या मागे कोण धावणार होतं? आईने एकच गोष्ट सांगितली होती तुम्हाला."

त्याचे खरेच होते. त्याने साखळी माझ्या गळ्यात घातली, कुलूप ठोकले आणि म्हणाला, "आता हे काढून टाकतो भंगारात. इथे भिंतच घालतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भंगाराची भीती नव्हती हो! पण मी फाटक आहे. मेंढ्या काय, भिंतीलाही अडवता येतात. मात्र आत घ्यायचे कोणाला आणि कधी, हे फाटकाजवळच्या माणसाला ठरवता येते. ती साखळी माझ्या अंगावर होती तोवर मी स्वतःला फाटक म्हणवून घेऊ शकत नव्हते.

पुढच्या रविवारी क्लब जमला. जवळपास दुसरी टेकडी नव्हती. ही गेली तर क्लब मोडणार, शनिवारचे वर्ग बंद पडणार, हे सगळ्यांना कळत होते. एकाने पिशवीतून साखळी तोडायची कातरी काढली. टेलरबाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"कुलूप तोडून वर गेलो, तर आपण चोर," त्या म्हणाल्या.

"मग काय, घरी बसायचं का?"

"घरी कोण जातंय?" असे म्हणून बाईंनी आपला बिल्ला काढला आणि माझ्या आकड्याला अडकवला. "अडकवा सगळ्यांनी. चूक आपली, ती कबूल. पण ही टेकडी आपण सोडलेली नाही. धाकट्याने स्वतःच्या हाताने कुलूप काढेपर्यंत बिल्ले इथेच राहणार."

एकामागून एक बिल्ले लागले. फक्त डॉक्टर आपला काढून घेतलेला बिल्ला मुठीत धरून, मान खाली घालून मागे उभे राहिले.

तेव्हापासून दर शनिवार-रविवारी ही मंडळी येत. माझ्या अलीकडे, रस्त्यालगतच्या मैदानात नव्यांना पंख पेलायला शिकवत, फाटलेली शिवण दुरुस्त करत, तारेचे कुंपण ढिले झाले असेल तिथे ताणून देत. पलीकडे पाऊल कोणी टाकले नाही. संध्याकाळी जाताना बिल्ले तसेच ठेवून जात. वारा आला की बिल्ले माझ्यावर वाजत. धाकटा येताजाता ते ऐकत असे. त्याला ते काढून फेकता आले असते. त्याने एकालाही हात लावला नाही. लहानपणी तो माझ्यावर बसून झोके घेत असे आणि शेवटचा बिल्ला उतरेपर्यंत जेवायला जात नसे, हे मला आठवत होते. त्यालाही आठवत असावे.

मग एका रविवारी काकू आल्या. काठी टेकत, धापा टाकत, धाकट्याला हाताशी धरून. त्यांनी माझ्या दांड्यावरून हात फिरवला आणि बिल्ल्यांकडे पाहिले.

"एवढी माणसं वर आहेत?"

"कोणी वर नाही, आई. कुलूप आहे ना."

"बिल्ले आहेत, म्हणजे माणसं घरी आलेली नाहीत. आणि तू कुलूप लावून खुशाल जेवायला बसतोस?"

"आई, मेंढ्या मेल्या आपल्या!"

"माहीत आहे. रडले कोण? मीच ना?" काकूंनी काठी आपटली. "पण फाटक लावून घ्या, असं मी म्हटलं होतं. फाटक मोडा असं नव्हतं म्हटलं." मग त्या गर्दीकडे वळल्या. "आणि तो दातवाला कुठाय? त्याचा बिल्ला नाही दिसत."

डॉक्टर पुढे आले. "माझ्यामुळेच झालं हे, काकू. कोणत्या तोंडाने अडकवू?"

"तुझ्यामुळे झालं, म्हणूनच अडकव. आणि इथेच बस. सगळे उतरेपर्यंत हे फाटक तू सांभाळायचंस."

डॉक्टरांनी बिल्ला अडकवला. मग धाकट्याने खिशातून किल्ली काढली. साखळी खाली पडली. त्याने खालच्या दांड्याखाली गुडघा घातला आणि मला उचलले. मी मुद्दाम मोठ्याने कुरकुरले!

"आपोआप बंद होणारं नवं फाटक बसवू या," तो बाईंना म्हणाला. "विसरायचा प्रश्नच नको."

"नको," टेलरबाई म्हणाल्या. "आपोआप बंद झालं, तर मागे वळून कोण बघेल?"

तेव्हापासून उडण्याच्या दिवशी माझ्याजवळ कोणीतरी बसलेले असते. आज डॉक्टरांची पाळी आहे.

तर मित्रांनो, मला तेल नको, रंग नको आणि तुमची कीवही नको. तुम्ही कधी ना कधी कुठल्यातरी फाटकातून पलीकडे जाल. कोणीतरी विश्वासाने तुम्हाला वाट दिलेली असेल. कितीही घाई असो, मागे वळा आणि फाटक लावून घ्या. तेवढे केलेत, तर तुमची वाट कोणी बंद करणार नाही. आणि केलीच, तर पळ काढू नका, फाटकाशी ठाण मांडून बसा.

आता पुरे. ऊन उतरले आहे, मेंढ्या खाली येत आहेत. डॉक्टर उठून आकाशाकडे बघत आहेत. माझ्या अंगावर एकच बिल्ला उरला आहे, टेलरबाईंचा. तो उतरेपर्यंत आम्ही दोघे इथून हलत नाही.