बाईंच्या भुवया

मी चिडकी आहे. वर्गातली मुलं हे पहिल्याच दिवशी ओळखतात आणि मग वर्षभर माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मला आपलं वाटायचं, पोरं लक्ष देतात.

तिसरीत बत्तीस मुलं. वर्षातून एकदा त्यांचं वाचन तपासायचं असतं. व्हरांड्याच्या टोकाला टेबल टाकायचं, एकेकाला बोलवायचं, दहा ओळींचा उतारा मोठ्यानं वाचून घ्यायचा आणि त्यावर पाच प्रश्न विचारायचे. वाचलेलं कळलं का, एवढंच बघायचं. चार-पाच उत्तरं बरोबर आली की कार्डावर हिरवा शिक्का, 'समजून वाचता येते'. त्याखाली लाल. गेल्या वर्षी माझ्या वर्गात अकरा लाल निघाले होते. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून, दार लावून घेऊन सांगितलं होतं, "बाई, यंदाही असंच झालं तर तिसरी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल." हा माणूस एरवी खेकसतो. तो गोड बोलला की समजावं, काही खरं नाही.

आता मुलांना 'हात देणं' ही गोष्ट कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, पण आम्हा सगळ्यांना येते. प्रश्न विचारताना बरोबर शब्दावर किंचित रेंगाळायचं, भुवया वर न्यायच्या. चुकीच्या शब्दाला ओठ मुडपायचे. मूल बरोबर पकडतं. उत्तर त्याच्या तोंडून आलेलं असतं, आपण खोटं काहीच लिहिलेलं नसतं. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना आम्ही यावर हसायचो. मी सगळ्यात जास्त हसायचे.

रेडिओ माझी लाडकी. हे नाव वर्गानंच ठेवलेलं. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि वाचायला लागली की बातम्या लागल्यासारखं वाटायचं. कुठे अडखळणं नाही, जोडाक्षराला घाबरणं नाही. तिला वाचताना ऐकून मी स्वतःवर खूश व्हायचे.

तिला उतारा आला माळ्याचा. माळी गावाला जाताना मुलीला सांगतो, "रोज कुंडीत बोट घालून बघ. माती कोरडी लागली तरच पाणी घाल. ओली लागली तर घालू नकोस, मुळं कुजतील." दुसऱ्या दिवशी मुलगी बोट घालते. माती ओली असते. इथे उतारा संपतो. रेडिओनं तो घडाघडा वाचला.

"मग मुलीनं काय करायला हवं?" मी विचारलं.

"पाणी घालायला हवं."

"नीट आठव. माती कशी होती?"

"ओली."

"मग?"

"मग पाणी घालायचं. बोट घालून बघितलं ना तिनं!"

बघायचं काम झालं की पुढचं काम करायचं, असा तिचा साधा हिशेब होता. 'असेल तर' आणि 'नसेल तर' हे शब्द ती स्वच्छ उच्चारायची आणि सोडून द्यायची. मला ते त्या क्षणी लख्ख दिसलं. खरं तर तपासणी असते ती हेच दिसावं म्हणून. पण मला राग आला. इतकं सुंदर वाचणारी पोर, आणि हिला लाल शिक्का? मी पुन्हा विचारलं, "पाणी घालायचं..." आणि ओठ मुडपले. "...की घालायचं नाही?" आणि भुवया वर नेल्या.

"घालायचं नाही!" रेडिओ म्हणाली आणि खुदकन हसली.

पाचपैकी चार उत्तरं माझ्या भुवयांनी दिली. मी पाच लिहिले आणि शिक्का मारला. गुरुवारी कार्डं घरी गेली. बत्तीसच्या बत्तीस हिरवी, त्यातली कितीतरी माझ्या भुवयांनी झालेली. मुख्याध्यापकांनी त्या दिवशी माझ्यावर खेकसून चहा मागवला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सोमवारी रेडिओ आली नाही. सर्दीबिर्दी झाली असेल म्हणून मी सोडून दिलं.

मंगळवारी शाळा भरायच्या आधी तिची आई फाटकाशी उभी होती. कपडे पॅक करायच्या कारखान्यात ती कामाला जाते. अंगावर निळा कोट, एक डोळा कारखान्याच्या गाडीकडे. तिला स्वतःला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं.

"बाई, पोरगी आठवडाभर घरी राहील, रागावू नका हं," ती म्हणाली. "शुक्रवारी संध्याकाळी दवाखान्यात सासूबाईंना हृदयाची नवी गोळी दिलीय. रोज सकाळी दहाला. आधी नाडी मोजायची, मग गोळी, असं काहीतरी आहे. त्यांना ऐकू येत नाही, मला वाचता येत नाही. नर्सबाईंनी विचारलं, घरात वाचणारं मोठं माणूस कोण? मी गोळ्यांच्या रांगेत उभी होते, पोरगी आजीजवळ. तिथूनच तुमचं कार्ड दाखवलं. शिक्का बघून त्यांनी सगळा कागद पोरीलाच दिला, घड्याळात बघून नाडी मोजायला पण शिकवलं."

"तुम्ही ऐकलात का तो कागद? काय लिहिलंय?"

"ऐकवला की तिनं! अशी धडाधड वाचते, माझ्या काय डोक्यात राहतंय? पण तिला सगळं पाठ आहे. तुमच्यामुळे झालं बाई हे. तुमचे उपकार..."

हॉर्न वाजला आणि ती पळाली. मी हात हलवला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला अभिमान वाटला. वर्गाच्या पायरीवर पाय ठेवला आणि मग तिचं बोलणं परत ऐकू आलं. आधी नाडी मोजायची, मग गोळी. आधी बोट घालायचं, मग पाणी.

तेव्हाच निघायला हवं होतं. सव्वानऊ वाजले होते. मी निघाले नाही. निघायचं म्हणजे मुख्याध्यापकांना कारण सांगायचं, आणि कारण सांगायचं म्हणजे शिक्का खोटा आहे हे सांगायचं. मी तिच्या आईला फोन लावला. बंद. कारखान्याच्या दारातच मोबाईल जमा करून घेतात. मग मी फळ्यावर तारीख लिहिली, हजेरी घेतली, पाढे म्हणायला लावले आणि स्वतःची समजूत घालत राहिले. कागदावर अवघड काही नसेलच. नर्सनं नीट सांगितलं असेल. आजीला काय कळत नाही का? खडू दोनदा हातातून पडला आणि मुलं हसली. मी ओरडले नाही म्हणून ती गप्प झाली.

दहाला दहा कमी असताना मी खडू टेबलावर ठेवला आणि कुणालाही न सांगता निघाले. रिक्षा दिसेना. मी पळत सुटले. चप्पल चौकातच तुटली, ती हातात घेतली. लोक बघत होते. टायर दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. जिना चढताना वरून रेडिओचा आवाज येत होता, स्वच्छ, न अडखळता.

"नाडीचे ठोके साठच्या खाली असतील तर गोळी देऊ नये. ताबडतोब दवाखान्यात यावे."

माझ्या जिवात जीव आला. वाचतेय म्हणजे अजून द्यायची आहे.

मी दार ढकललं. रेडिओ खाटेशेजारी स्टुलावर बसली होती, केस नीट विंचरलेले, मांडीवर कागद. मला बघून तिचा चेहरा फुलला. "बाई! मी रोज वाचून दाखवते आजीला. आधी एकदा आणि गोळी दिल्यावर एकदा."

"दिली?"

"हो. आत्ताच. दहाच्या ठोक्याला."

कोनाड्यात तिची वही होती. शाळेत मी शिकवलेल्या पद्धतीनं समास सोडून, पट्टीनं रेघ मारून तिनं लिहिलं होतं. शनिवार अडुसष्ट. रविवार एकसष्ट. सोमवार छप्पन्न. मंगळवार अठ्ठेचाळीस. प्रत्येक आकड्यापुढे बरोबरची खूण. मी मारते तशीच, शेपटी लांब ओढलेली.

आजी उशीला टेकून होती. ओठ पांढरे, कपाळावर घाम. कालपासून जेवली नाही, उठलं की भोवळ येते, असं रेडिओ म्हणाली. मी आजीचा हात धरला. ठोका लागेना. मग लागला, आणि पुढच्या ठोक्याची वाट बघताना मला वाटलं, आता येतच नाही.

"तुला काही शंका नाही आली गं?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

तिचा चेहरा उतरला. "आज आली होती. मी आजीला विचारलं, देऊ का? आजी हसली. म्हणजे बरोबर ना, बाई?"

ऐकू न येणारी ती म्हातारी सगळ्यांकडे बघून हसते. तेव्हाही ती माझ्याकडे बघून हसत होती.

खालच्या टायरवाल्यानं आजीला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात तिच्या छातीला वायरी लावल्या, हाताला सुई. आम्ही दोघी पडद्याबाहेर उभ्या. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई आल्या. "आजचा दिवस गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "ही शेवटची गोळी पडायला नको होती." पाढे म्हणून घेण्यात मी घालवलेली ती पस्तीस मिनिटं मला आठवली.

डॉक्टरीणबाई खाली वाकल्या आणि कागद रेडिओसमोर धरला. "बाळ, हे वाच बरं."

रेडिओनं वाचलं. वायरी सांभाळणारी नर्ससुद्धा वळून बघायला लागली, इतकं सुरेख.

"छान. आता सांग, ठोके अठ्ठेचाळीस आले तर काय करायचं?"

रेडिओनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या भुवया हलायला लागल्या होत्या. तेरा वर्षांची सवय आहे ती. मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पडद्याआड यंत्र टिकटिकत होतं. फार सावकाश. मी ठोके मोजत राहिले.

"मला नाही कळत," पाठीमागून पोर शेवटी म्हणाली आणि रडायला लागली. "बाई, इकडे बघा ना."

मी बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करूनच डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "तो शिक्का मी खोटा मारलाय." मला भीती वाटत होती ती एकट्या तिच्या आजीसाठी नव्हे. गुरुवारी तशी बत्तीस कार्डं घरोघर गेली होती, आणि मी अजून एकाच घरी पोचले होते.