लाल टाचेची माकडं

अमेरिकेतल्या रॉकफर्ड गावच्या मोज्यांच्या मिलमध्ये टेक्ला सँडीनला तेवीस वर्षं झाली होती. यंत्रातून मोजा बाहेर यायचा तो दोन्हीकडून उघडा. बोटांकडचं उघडं तोंड मिटवायचं काम टेक्लाचं आणि तिच्या ओळीतल्या चौदा बायकांचं. समोर एक गोल तबकडी संथ फिरत असे, तिच्या कडेला बारीक काटे, आणि प्रत्येक काट्यावर सुताचा एकेक टाका नेमका अडकवायचा. एक जरी हुकला तरी पहिल्या धुण्यात तिथे भोक. टेक्लाचा हुकत नसे. "ही डोळे मिटूनसुद्धा बसवेल," असं बायका म्हणत, आणि टेक्ला ते कधी खोडून काढत नसे.

पण गावात तिचं नाव झालं होतं ते माकडामुळे.

एकोणीसशे छत्तीस सालच्या हिवाळ्यात तिची मुलगी मार्गिट गोठलेल्या नदीवर घसरून पडली आणि पाय मोडून सहा आठवडे पलंगावर अडकली. विकतचं खेळणं आणण्याचे ते दिवस नव्हते. टेक्लाने मिलच्या लाल टाचेच्या तपकिरी मोज्यांचा एक जोड घेतला. एक मोजा उलटा करून त्याच्या वरच्या पट्टीपासून टाचेच्या अलीकडपर्यंत मधोमध चीर दिली, दोन्ही बाजू शिवल्या. झाले दोन पाय. लाल टाच आपसूक बुडाशी आली. बोटांकडचा भाग डोकं झाला. दुसऱ्या मोज्याची लाल टाच कापून तिचं रुंद हसरं तोंड केलं, उरल्यातून हात, कान, लांब शेपूट आणि टोपी. आत मिलच्या चिंध्या ठासल्या. डोळ्यांना नवऱ्याच्या, एव्हर्टच्या, जुन्या सदऱ्याची बटणं. मार्गिटने ते उराशी धरलं ते वसंत ऋतू येईपर्यंत सोडलं नाही.

पुढच्या वर्षापासून चर्चच्या शरद मेळाव्यात टेक्लाची माकडं येऊ लागली. लोक म्हणू लागले, "ही कल्पना टेक्लाचीच." टेक्ला नुसती हसे. वीस वर्षं हसत आली, आणि हसता हसता तिचं तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

पंचावन्न सालच्या जानेवारीत व्यवस्थापक हॉलग्रेन साहेबांनी तिला वर बोलावलं. कचेरीत मिलचे वकील व्हिटकोम्ब बसले होते. उंच, हाडकुळे, सतत चष्मा पुसणारे.

"बसा, मिसेस सँडीन," हॉलग्रेन म्हणाले. "पूर्वेकडची एक खेळण्यांची कंपनी आहे. मोज्याचं माकड आमचं, असं तिचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्याचं पेटंट घेतलंय. आता आपण मोज्यांबरोबर माकड शिवायचा नमुनासुद्धा छापायचा नाही म्हणतात."

"आमच्या मोज्याचं माकड त्यांचं?" टेक्लाची कानशिलं एकदम तापली. "मी छत्तीस साली शिवलंय. घरी आहे अजून, शेपटीसकट!"

व्हिटकोम्बनी चष्मा पुसायचं थांबवलं. "म्हणजे पहिलं तुम्हीच शिवलंत?"

टेक्लाने नुसती मान ताठ केली. वकिलांनी ते होकाराच्या खाती धरलं आणि लिहून घेतलं.

बातमी जेवणाच्या सुट्टीच्या आत मिलभर झाली. टेक्लाच्या शेजारच्या यंत्रावर काँचेत्ता पिरेल्लो बसायची, दक्षिणेकडच्या इटालियन वस्तीतली, जिभेला हाड नसलेली.

"झालं! आता नदीकाठी तुझा पुतळा उभारतील," काँचेत्ता म्हणाली. "एका हातात मोजा, दुसऱ्यात माकड. कबुतरांची कायमची सोय झाली."

"तुला कोणी विचारलं नाही म्हणून जळतेयस."

"मला? अगं, मी माकड शिवलं तर ते तुझ्या माकडाहून देखणं निघेल. तुम्हा स्वीडिशांची माकडं सगळी थंडीत कुडकुडल्यासारखी दिसतात."

घरी एव्हर्टचा आनंद गगनात मावेना. तो फर्निचरच्या कारखान्यात कपाटांना पॉलिश करायचा, स्वभावाने अबोल. पण त्या आठवड्यात त्याने न्हाव्याच्या दुकानात बसलेल्या प्रत्येकाला बायकोचा शोध सांगितला. वर्तमानपत्रवाला फोटो काढायला येणार असंही ठरलं.

शुक्रवारी दुपारी व्हिटकोम्बनी टाइप केलेला कागद पुढे केला. 'मी, टेक्ला सँडीन, शपथेवर सांगते की हे खेळणं प्रथम माझ्या कल्पनेतून…' टेक्लाने पेन उचललं. 'शपथेवर' या शब्दापाशी तिचा हात अडला.

"काही चुकलंय का?" वकिलांनी विचारलं.

"नाही. मी… घरी वाचून सोमवारी आणते."

यंत्राकडे परतली तेव्हा तिचा चेहरा पाहून काँचेत्ताने तबकडी थांबवली. "काय गं? कोणी गेलं की काय?"

"काँचेत्ता, ते माकड मी पाहिलं होतं."

"कोणतं?"

"शिवायच्या आधी. पस्तीस सालच्या जत्रेत. अंडी विकणाऱ्या एका शेतकरणीच्या गाडीला बांधलं होतं, तिच्या नातीचं. मी हातात घेतलं, उलटं केलं, पायांमधली चीर कुठवर आहे ते बोटाने मोजलं. मग घरी येऊन शिवलं. वीस वर्षं मी कोणाला बोलले नाही. एव्हर्टलासुद्धा नाही."

काँचेत्ता थट्टा करील असं तिला वाटलं होतं. पण तिने फक्त विचारलं, "बाई कोण होती?"

"प्रेदर. पेकाटोनिका गावाकडची."

"मग उद्या शनिवार आहे. माझी गाडी आहे. चल."

मिसेस ब्यूला प्रेदर चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि कोंबड्यांच्या खुराड्यात उभ्या राहून एका कोंबड्याला शिव्या देत होत्या. दोघींना स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी कॉफी ओतली. टेक्लाने एका दमात सगळं सांगितलं: जत्रा, चीर, वीस वर्षांचं मौन, शपथेचा कागद.

"म्हणजे ते तुमचं होतं," ती शेवटी म्हणाली. "नाव तुमचं लागायला हवं. मी चोरलं."

म्हातारी इतकी हसली की तिला खोकला आला. "चोरलंस? पोरी, मग मीही चोरच की! मी ते पाहिलं माझ्या नणंदेकडे, आयोवा राज्यात. वाळत घातलेल्या कपड्यांत शेपटीला चिमटा लावून उलटं टांगलं होतं. तिथेच उभ्या उभ्या समजून घेतलं. तिला कोणी दाखवलं म्हणशील, तर तिच्या गावच्या शाळामास्तरणीने. मास्तरणीला कोणी, ते देवाला ठाऊक."

"मग पहिली कोण?" काँचेत्ताने विचारलं.

"कशाला हवी पहिली? भाकरी पहिल्यांदा कोणी भाजली ते विचारतेस का?" म्हातारीने आत जाऊन एक माकड आणलं. एक कान गेलेलं, पोट सपाट झालेलं. टेक्लाने ते ओळखलं. "पण एक सांगते. माझ्या माकडाचं तोंड लोंबायचं. तुझी चर्चमधली माकडं माझ्या सुनेने आणली होती एकदा. त्यांचे ओठ कसे मिटलेले, टाका दिसत नाही. ते मी तुझ्याकडून उचललं. आता फिट्टंफाट झाली. कॉफी पी."

परतीच्या वाटेवर टेक्लाने गाडीच्या काचेवरची वाफ बाहीने पुसली. मग एकदम म्हणाली, "मला वाटलं होतं, खरं बोलले तर माझ्याकडे काहीच उरणार नाही."

"आणि?"

"आणि आता वाटतंय, त्या कंपनीला धडा शिकवावा."

त्या रात्रीच्या जेवणाला तिने एव्हर्टला सांगितलं. त्याने बटाटा अर्धाच तोंडात घातला आणि थांबला. "आता न्हाव्याला काय सांगू?"

"सांग, बायको खोटी शपथ घेणारी नाही."

एव्हर्टने विचार केला. "हेही वाईट नाही," तो म्हणाला आणि बटाटा संपवला.

सोमवारी तिने सहीशिवायचा कागद व्हिटकोम्बच्या टेबलावर ठेवला. "साहेब, पहिली बाई मी नव्हे. पहिली बाई तुम्हाला सापडायचीही नाही. पण दुसरी, पाचवी, पन्नासावी हवी तर तीन आठवड्यांत उभी करते."

वकिलांचा चेहरा आधी पडला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मिसेस सँडीन," ते सावकाश म्हणाले, "एका बाईला ते खोटी ठरवू शकतील. पन्नास बायकांना कसे ठरवतील?"

मग टेक्ला आणि काँचेत्ता कामाला लागल्या. स्वीडिश चर्च, इटालियन चर्च, शेतकी मंडळं, पत्रं, टेलिफोन. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी चर्चच्या तळघरात त्रेसष्ट बायका आल्या, प्रत्येकीच्या कुशीत एकेक माकड. कोणाचं बेसबॉलच्या टोपीतलं, कोणाचं कुत्र्याने चावलेलं, एक तर युद्धात जहाजावर जाऊन आलेलं. मिसेस प्रेदर पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

कंपनीचे वकील जबान्या ऐकायला पूर्वेकडून आले होते. तरुण, सभ्य, दमलेले. त्यांनी एकेकीचं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "बायांनो, तुमच्या आठवणींबद्दल मला आदर आहे. पण माकडावर तारीख नसते. हे पंधरा वर्षांपूर्वीचं की परवाचं, कोण सांगणार?"

"मी सांगते," टेक्ला उठली.

तिने एका शेतकरणीच्या हातातलं माकड घेतलं, टोपी मागे सारली आणि डोक्याच्या माथ्यावरून अंगठा फिरवला. "हे डोकं म्हणजे मोज्याची बोटं. हा जोड आमच्या ओळीचा. एकेचाळीस सालापर्यंत आम्ही दुहेरी पिळाचा दोरा वापरत होतो. युद्धात तो मिळेनासा झाला, एकेरी आला. त्याची शिवण जरा खरबरीत लागते. सेहेचाळीसला नवी यंत्रं आली, जोड अर्धा धागा खाली सरकला. हे दुहेरी पिळाचं आहे. एकेचाळीसच्या आधीचं."

"एकोणचाळीस!" शेतकरीण ओरडली. "माझ्या थोरल्याच्या वाढदिवसाचं!"

वकिलांनी एकामागून एक माकडं पुढे केली. टेक्ला टोपी सारे, अंगठा फिरवी आणि काळ सांगे; मालकीण उठून साल सांगे आणि दोन्ही जुळत. तळघरात हळूहळू कुजबूज थांबली. नवव्या माकडानंतर वकिलांनी आपल्या पेटीतून एक काढलं. मळकं, विटलेलं, झिजलेलं.

टेक्लाने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग ते पालथं करून टाच पाहिली आणि हुंगली.

"हे म्हातारं नाही, चहात बुडवलंय," ती म्हणाली. "आणि हा मोजा आमच्या मिलचा नव्हे. असा जोड आमच्या ओळीत कोणी केला असता, तर मी तिला घरी पाठवलं असतं."

हशा असा फुटला की वरच्या मजल्यावरचा पाद्री खाली धावत आला. तरुण वकीलही हसले. "चहात मीच बुडवलं, काल हॉटेलात," त्यांनी कबूल केलं. मग त्यांनी आपली टोपी हातात घेऊन विचारलं, "बाई, यातली किती माकडं तुम्ही शिवलीत?"

"इथली? सहा." टेक्लाने त्रेसष्ट माकडांवर नजर फिरवली. तिला काही ठरवून बोलायचं नव्हतं, पण शब्द आपोआप आले. "पण डोकी सगळ्यांची आम्ही मिटवलीत. मी, काँचेत्ता, आमची ओळ. या देशात लाल टाचेचं माकड जिथे असेल तिथे त्याचं डोकं आमच्या हातचं आहे. तेवढं आमचं. बाकी ज्या बाईने शिवलं तिचं."

मिसेस प्रेदरनी काठी जमिनीवर आपटली. मग बाकीच्यांनी आनंदाने पाय आपटायला सुरुवात केली.

कंपनीने उन्हाळ्याच्या आत माघार घेतली. तडजोडीत पेटंट मिलकडे आलं, आणि हॉलग्रेन साहेबांनी ठरवलं की मोज्यांच्या प्रत्येक जोडाबरोबर माकडाचा नमुना फुकट द्यायचा. वर्तमानपत्रात फोटो आला तो त्रेसष्ट जणींचा. टेक्ला तिसऱ्या रांगेत, अर्धी काँचेत्ताच्या हॅटमागे. एव्हर्टने तो न्हाव्याच्या आरशाला चिकटवला आणि तिच्या अर्ध्या चेहऱ्याभोवती पेन्सिलीने गोल काढला.

सप्टेंबरमध्ये माकडाच्या नमुन्याचा पहिला छापील कागद ओळीत आला. चित्रकाराने माकड सुबक काढलं होतं. बायका भोवती जमल्या.

"कान खाली आलेत," काँचेत्ता म्हणाली. "हा तर पाद्र्याचा मेहुणा दिसतो."

टेक्ला मात्र पहिल्या चित्रापाशी थबकली होती. मधली चीर टाचेला पार भिडवली होती. तशी कापली तर बूड उसवणार, हजारो घरांत, हजारो मांड्यांवर.

ती कागद घेऊन जिना चढली. हॉलग्रेन साहेबांचं दार उघडंच होतं.

"साहेब, हे असं नाही चालायचं. चीर दीड इंच अलीकडे थांबते."

"टेक्ला, छपाई सोमवारी सुरू होतेय."

"मग आज शुक्रवार आहे," ती म्हणाली. त्यांच्या टेबलावरची पेन्सिल तिने न विचारता उचलली, चित्रकाराची रेघ खोडली आणि स्वतःची ओढली.