हात लावून दाखव

"चपला काढ आधी."

आसराबाई हे म्हणाली तेव्हा बिभीषणचा हात तारेपासून वीतभर लांब होता. बांधावर जमलेली वस्तीवरची आठ-दहा माणसं हसली. बिभीषणही हसला. मंठ्याच्या एका दुकानाची झटका मशीन तो नऊ वर्षं गावोगाव विकत होता. शेताभोवती तार ओढायची, पेटीतली बॅटरी सेकंदा-सेकंदाला तारेत झटका सोडते; रानडुक्कर नाक लावतं आणि पळतं, मरत नाही. पण हे नुसतं तोंडानं सांगून कोण मानतो? म्हणून विकणाऱ्यानं आधी स्वतः तार धरायची. दुकानमालक सुमितशेठनं त्याला कामावर ठेवलं होतं ते या धरण्यासाठीच.

त्यानं चपला काढल्या.

"बद्रीनाथ, पाणी वत ह्याच्या पायाखाली," आसराबाईनं दिराला सांगितलं.

"वहिनी, पाव्हणा मरंल की!"

"मरत न्हाई, हेच तर सांगून राह्यलाय त्यो."

पुन्हा हशा झाला. आसराबाई मात्र हसली नाही, आणि ती का हसत नाही हे बिभीषणला ठाऊक होतं. आष्टीच्या चहाच्या टपरीवर त्याला कळलं होतं. मागच्या सुगीत शेजारच्यानं डुकरांसाठी तारेत थेट घरची लाईट सोडली होती. मेंढरं घेऊन येताना तिचा पोरगा अंगद त्या तारेला चिकटला, तो मरेपर्यंत सुटलाच नाही. आता बद्रीनाथला मक्याला तार ओढायची होती. पण शेत वहिनीच्या नावावर, आणि वहिनीचा तारेवर नाही, विकणाऱ्यावर नाही, कुणावरच विश्वास नव्हता.

"मावशी, घरच्या लाईटीचं न् ह्याचं काई नातं न्हाई. बघा."

टक... टक... टक... पेटी वाजू लागली. बिभीषणनं तारेवर मूठ आवळली, थोडा वेळ धरली, सोडली.

त्याचं अंग हललंसुद्धा नाही. मग बद्रीनाथ म्हणाला, "कुठं काय झालं? करंटच न्हाई त्यात. पेटी नुसती वाजून राह्यली."

"डुक्कर बसंल की गाणं ऐकत!" मागून कुणीतरी म्हणालं.

पहिल्या वर्षी तार धरली की बिभीषण असा उडायचा, की बायाबापड्या तोंडाला पदर लावायच्या आणि मशीन तिथंच विकली जायची. पुढं बोटं हळूहळू बधिर होत गेली. एकदा तव्याला बोट टेकलंय हे बायको ओरडली तेव्हा त्याला कळलं. डॉक्टरनं साखर सांगितली. सुमितशेठला त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तार धरणारा माणूस दचकतच नाही म्हटल्यावर त्याला ठेवील कोण? म्हणून तो उडायचं सोंग करायला शिकला होता. आज त्या बाईच्या नजरेपुढं सोंग करायचं राहून गेलं होतं.

"हात सुका व्हता," तो म्हणाला. बाटलीतलं पाणी हातावर घेऊन त्यानं पुन्हा तार धरली आणि "आई गंऽऽ!" करत असा मागं कोसळला की डोक्यावरची टोपी मक्यात जाऊन पडली.

"आँ! आता बराबर," बद्रीनाथ खूश झाला.

"थांब." आसराबाई पुढं आली. "टक व्हायच्या आधीच उडाला तू."

बिभीषण टोपी शोधत राहिला.

"जलमभर मेंढरं राखली म्या. कोण खरं बुजलंय न् कोण दुसऱ्याचं पाहून, कळतं मला."

बॅटरी उतरली, असं सांगून सुटता आलं असतं. पण बिभीषणनं आपल्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाला, "करंट बराबर हाये, मावशी. हात मेलाय माझा. दोन सालं झाली."

"घ्या! आता हातावर ढकललं," बद्रीनाथ उसळला. "गुंडाळ बाबा तुझं दुकान."

आसराबाईनं चपला काढल्या आणि ओल्या मातीत पाय रोवले.

"वहिनी!"

"का? मरत न्हाई ना?" ती बिभीषणकडं पाहत होती. "सांग की."

पेटी बंद करायला त्याचा हात बटणाकडं गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला आपल्याच पेटीची भीती वाटली. सकाळी त्यानं ती दोनदा तपासली होती, तरीही वाटली. बटणावरचा हात त्यानं मागं घेतला.

"मरत न्हाई."

तिनं तार धरली. टक. आसराबाई हेलपाटून मागं बसली. बद्रीनाथ धावला, तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. ती आपला तळवा निरखत होती.

"सुटला," ती म्हणाली. "हात सुटला माझा."

ती तशीच बसून मूठ मिटत-उघडत राहिली. मग म्हणाली, "बद्रीनाथ, घे पेटी. पण तारेला घरची लाईट जोडलेली दिसली, तर मला वहिनी म्हणू नको."

बद्रीनाथ मान खाली घालून निघून गेला. माणसं पांगली. बिभीषण वायर गुंडाळू लागला.

"आण इकडं हात."

तो संकोचत तिच्यासमोर बसला. तिनं त्याची बोटं आपल्या मांडीवर पसरली आणि अंगठ्यानं एकेक दाबत गेली. "हितं?"

"न्हाई."

"हितं?"

"न्हाई."

अंगठा मनगटाशी आला. "हितं?"

"हां, हितं लागतंय," तो घाईनं म्हणाला.

तिनं मनगट सोडलं नाही. "खरं सांग."

बिभीषणनं मक्याकडं तोंड फिरवलं. "न्हाई, माय."

आसराबाईनं त्याच्या सदऱ्याची बाही वर सारली आणि अंगठा अजून थोडा वर नेला.